माईकबाईंच्या तोंडचे आभार

माईकबाईंचं ज्यावर मत नाही अशी एखादी गोष्ट जगात असेलच, तर ती अजून बसस्टँडवर आलेली नसणार. बाकी सगळं येऊन गेलं होतं, आणि बाईंनी त्याचा निकाल लावून टाकला होता.

स्टँडच्या मधोमध एक लोखंडी जिना होता. जिन्याच्या टोकाला तिन्ही बाजूंनी काच असलेली खोली, आणि खोलीत एक माईक, एक पंखा आणि बाई. पंख्याची घरघर माईकमधून बाहेर जाते म्हणून बोलताना पंखा बंद ठेवायचा, असा नियम होता. बाई इतकं बोलत की पंखा बहुतेक बंदच असे. म्हणून त्या कायम घामाघूम आणि कायम चिडलेल्या, असं ड्रायव्हर मंडळी सांगायची. ते खरं नाही. बाई थंडीतही चिडलेल्याच असत.

काम तसं एवढंच, की कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं. पण वरून सगळं दिसतं ना! आणि दिसल्यावर गप्प बसायला बाई काय खांब होत्या? "धरणाची गाडी फलाट दोनवर लागली आहे," असं रीतसर सांगून झालं की त्याच दमात पुढचं सुरू व्हायचं. "पिवळ्या पिशवीवाल्या ताई, ती तुमची गाडी नाही. हो, तुम्हीच. मागे काय बघताय? मागे भिंत आहे." नाहीतर, "इस्पितळाची गाडी लागली आहे. आजारी माणसं आधी चढतील. जे नुसते भेटायला निघालेत त्यांनी खिडकी धरायला धावू नये. धावता येतंय म्हणजे तुम्ही ठणठणीत आहात."

लोकांना हे आवडायचं असं नाही, पण पटायचं. गोड बोलून चुकीच्या गाडीत बसवणारे पुष्कळ असतात. रागावून सांगणारा माणूस खोटं कशाला सांगेल, असा साधा हिशेब होता. एखादा ड्रायव्हर स्वतः खिडकीतून डोकं काढून सांगायचा, "अहो, हीच कारखान्याची गाडी," तरी प्रवासी एक पाय पायरीवर ठेवून वर काचेकडे बघायचे. बाई म्हणाल्या की मगच दुसरा पाय उचलायचा.

गाड्या नसतील त्या वेळात बाई जगाकडे वळत. ते मात्र माईक बंद करून. तेवढी शिस्त त्यांना होती. ऐकायला असायचा तो शांताराम. हे त्याचं नाव नव्हे. टेकडीच्या गाडीवरचा हा ड्रायव्हर कधीच हॉर्न वाजवत नसे, म्हणून स्टँडनं त्याला हे नाव दिलं होतं. तो चहाचे दोन कप घेऊन जिना चढायचा आणि काचेला पाठ लावून बसायचा.

"फोनमध्ये बघतात गाडी कुठं आलीय," बाई म्हणायच्या. "कुठं आलीय? नाकासमोर! मान वर करायला काय होतं रे यांना? काल एक जण फोनमध्ये गाडीची वाट बघत होता आणि गाडी त्याच्या मागून निघून गेली. वर मलाच विचारतो, मॅडम, ॲपमध्ये तर अजून यायचीय. म्हटलं, मग ॲपमध्येच बस आणि जा."

"हं," शांताराम म्हणायचा.

"आणि तो सिनेमातला हिरो. बसच्या टपावर उभा राहून मारामारी करतो. अरे, टपावर चढलास तर खाली उतर आधी, सामान ठेवायची जागा आहे ती! आणि गाणं? एकच ओळ पुन्हा पुन्हा. पहिल्यांदाच कळली होती की बाबा, आम्हाला. मी एकच घोषणा अशी दिवसभर केली तर लोक दगड मारतील. त्याला मात्र हार घालतात."

राजकारणाचा विषय निघाला की बाईंचा चहा गार व्हायचा. पक्ष कुठलाही असो, बाईंची कसोटी एकच होती. हा माणूस शेवटचा बसमध्ये कधी बसला होता? "ज्यांना पायरी किती उंच असते ठाऊक नाही, ते आमच्या म्हाताऱ्यांचं भलं करणार," असं म्हणून त्या अख्खं सभागृह मोडीत काढायच्या. त्यातही त्या भागाचे जे पुढारी होते, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणायचे, त्यांच्यावर बाईंचा खास दात. नवीन शेडचं उद्घाटन करायला ते आले होते, तेव्हा त्यांच्या मोटारी उभ्या करायला सगळे फलाट रिकामे करवून घेतले होते. तासभर बस आत येऊ शकली नाही. बसस्टँडचं उद्घाटन, आणि बसला बंदी! बाईंनी त्या दिवशी माईकवरून सगळं काही बिनचूक सांगितलं होतं. "प्रवाशांनी नोंद घ्यावी, गाड्या रस्त्यावर उभ्या आहेत, कारण फलाटावर मोटारी उभ्या आहेत." त्यावरून त्यांना लेखी समज मिळाली होती. त्यातही चूक काय आहे ते लिहिलेलं नव्हतं.

घरीही हाच कारभार. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला. "आता दिसतंय? आणि आता?" असं दिवसभर गिऱ्हाइकांना विचारण्यात त्यांच्या वाट्याचे शब्द संपून जात आणि संध्याकाळी ते रिकामे होऊन घरी येत. ते काही बोलत नाहीत याची घरात कुणाला अडचण नव्हती. जागाच कुठे होती? बातम्यांत आठ माणसं आठ चौकोनांत बसून एकमेकांवर ओरडायला लागली की बाई नववा चौकोन होऊन त्यांच्यात सामील होत. वरच्या मजल्यावर धाकटी जाऊ राहायची. तिला गाण्यांच्या स्पर्धेचा कार्यक्रम आवडायचा, पण तो ती वरच बघायची. एकदा खाली बघितला होता. परीक्षक रडायला लागला तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "ह्याला पगार रडायचा आहे. गाणाऱ्यानं रडावं, बेसूर झालाय तो."

तर अशा या बाई. यंत्रावर, पुढाऱ्यावर आणि पडद्यावर कधीही विश्वास न ठेवणाऱ्या. त्या फसल्या कशा, तर स्तुतीनं. तुम्ही-आम्ही फसतो तशाच.

गळ्यात पट्टा आणि पट्ट्याला ओळखपत्र लटकवलेला एक माणूस आगारात आला. कुठल्याशा कंपनीचा होता. आगाराचे साहेब त्याला घेऊन खुद्द जिना चढून वर आले. साहेबांना दम लागला होता, म्हणून बोलला तो पट्टेवालाच.

"मॅडम, तुमच्यासारखा आवाज मी आजवर ऐकला नाही. यात अधिकार आहे. हा आवाज जपून ठेवायला हवा. उद्या तुम्ही आजारी पडलात, सुट्टीवर गेलात, तर स्टँडनं काय करायचं?"

एरवी कुणी विचारलं असतं तर बाई म्हणाल्या असत्या, दुसरी बाई बसवा. पण 'अधिकार' हा शब्द त्यांच्या कानात जाऊन बसला होता. इतकी वर्षं लोकांनी त्यांच्या आवाजाला भोंगा म्हटलं होतं, तुतारी म्हटलं होतं, जावेनं तर एकदा कुकरची शिट्टी म्हटलं होतं. जपून ठेवायला हवा असं कुणी म्हटलं नव्हतं.

"फक्त अडीअडचणीला ना?" बाईंनी विचारलं.

"अगदी अडीअडचणीलाच," साहेब म्हणाले. त्यांच्यात दम परत आला होता.

मग कितीतरी दुपारी बाई कंपनीच्या एका खोलीत जाऊन बसल्या. खोलीच्या भिंतींना गाद्या लावलेल्या. तिथे त्यांना वाक्यं वाचायला दिली, आणि वाक्यं अशी, की लिहिणाऱ्याला ताप असावा. "निळ्या घोड्याला छत्री आवडत नाही." "माझ्या भावाच्या खिशात ढग मावतो." पट्टेवाला म्हणाला की सगळे उच्चार मिळवायचे असतात, अर्थाशी संबंध नाही. बाईंनी अर्थाशी संबंध नसलेलं आयुष्यात पहिल्यांदा वाचलं, आणि खोटं कशाला, त्यांना मजा आली. फक्त 'आदरणीय' या शब्दाशी त्या अडल्या. "हा माझ्या तोंडात बसत नाही," त्या म्हणाल्या. तरी वाचला. घरी येऊन नवऱ्याला निळ्या घोड्याचं सांगितलं. ते हसले. बाईंनी त्या संध्याकाळी बातम्या लावल्याच नाहीत.

अडीअडचण लगेच आली. त्याच महिन्यात आगारानं काचेच्या खोलीला कुलूप घातलं, माईक काढून नेला आणि बाईंना खाली हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलं. वरून आता यंत्र बोलणार होतं, बाईंच्याच आवाजात.

बाई चिडल्या, हे सांगायला नको. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांनी जे काय ऐकवलं ते बाहेरच्या बाकावरच्या लोकांनी उभं राहून ऐकलं. पण खरी गंमत पुढे आहे. ती बाईंनी कुणाला सांगितली नाही, तरी शांतारामला दिसत होतीच. सकाळी फाटकातून आत आल्यावर पूर्वी तरातरा चालणाऱ्या बाई आता स्टँड ओलांडताना चाल धीमी करायच्या. वरून त्यांचाच आवाज यायचा, "कारखान्याची गाडी फलाट चारवर लागली आहे." स्वच्छ, ठाम. गर्दी त्या आवाजासरशी हलायची. बाई खांबाशी उगाच पदर नीट करत थांबायच्या, आणि गर्दी हललेली बघून मग खिडकीवर जायच्या. पिवळ्या पिशवीवाल्या ताईंना आता कुणी हटकत नव्हतं, ते खरं. यंत्राला खालचं दिसत नाही. पण आवाज तर आपला आहे! शेवटी लोक कुणाचं ऐकतायत? आपलंच ना?

खिडकीवरही मतांना तोटा नव्हता. छत्र्या, डबे, एका पायातले बूट, आणि एक कवळी. "माणूस दात विसरून उतरतो," बाई शांतारामला म्हणाल्या. "फोन बरा विसरत नाही कुणी!"

मग निवडणूक आली.

सोमवारची सकाळ होती. बाई फाटकातून आत आल्या आणि सवयीनं खांबाशी थांबल्या. वरून आवाज आला, "इस्पितळाची गाडी फलाट एकवर लागली आहे." गर्दी हलली. बाईंनी पदर नीट केला. आणि त्याच आवाजात, त्याच ठामपणे, वरून पुढचं वाक्य आलं.

"आपल्या प्रवासाची काळजी वाहणाऱ्या आदरणीय मोठ्या साहेबांचे मी मनापासून आभार मानते."

बाईंचा हात पदरावरच राहिला.

"मी?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. शेजारचा माणूस दचकून बाजूला झाला. "मी आभार मानते? कधी मानले? कुणी मानले?"

वरून थोड्या वेळानं धरणाची गाडी लागली आणि पुन्हा आभार मानले गेले. मनापासून. 'आदरणीय' शब्दाशी आवाज किंचित वाकडा होत होता, गादीच्या खोलीत झाला होता तसाच. पण ते बाईंना कळत होतं. बाकीच्यांना नुसतं ऐकू येत होतं की माईकबाई मोठ्या साहेबांचे आभार मानतायत.

आणि त्यांनी ते खरं मानलं. ज्या आवाजानं त्यांना उभा जन्म चुकीच्या गाडीतून उतरवलं होतं, तो आवाज उगाच कुणाचे आभार मानेल?

चहाच्या टपरीवाल्यानं बाईंच्या कपात न सांगता साखर जास्त घातली. "आता तुमचं वजन वाढलं, बाई. आमच्या टपरीचं तेवढं बघा." किराणावाल्यानं दुकानातून हात जोडले. एरवी तो बाईंना बघून हिशेबाची वही काढायचा. तिकीट तपासणारा जुना ओळखीचा माणूस मात्र तोंड फिरवून निघून गेला. शेडच्या उद्घाटनाला फलाटावर मोटारी लावल्या म्हणून मोठ्या साहेबांच्या माणसांशी भांडला होता तो, आणि त्या दिवशी माईकवरून बाई त्याच्या बाजूनं बोलल्या होत्या. बाईंनी हाक मारली. तो थांबला, पण जवळ आला नाही.

"तुम्हीसुद्धा, बाई?" एवढंच म्हणाला.

"अरे, मी नाही ते! यंत्र आहे!"

"आवाज तर तुमचाच आहे."

तो निघून गेला आणि वरून बाईंनीच पुन्हा आभार मानले.

संध्याकाळी जाऊ पेढ्यासारखं गोड तोंड करून खाली आली. "ताई, सांगायचं तरी! भाच्याच्या नोकरीचा एक शब्द टाका ना त्यांच्या कानावर."

"कुणाच्या?"

"आता एवढे जवळचे झालेत म्हटल्यावर..."

"कोण जवळचं झालंय? मी त्या माणसाला ओळखत नाही! ओळखते म्हणूनच आभार मानणार नाही!" बाई इतक्या ओरडल्या की जाऊ दोन पावलं मागे सरकली.

लेक कंप्युटरवर काम करायची. तिनं शांतपणे समजावलं. "आई, त्यांच्याकडे तुझा आवाज आहे. आता ते काहीही लिहितील आणि यंत्र ते तुझ्या आवाजात म्हणेल. जाहिरातीला वेळ विकत असतील. सगळीकडे होतं हल्ली."

"सगळीकडे होतं म्हणजे?" बाईंनी ताट पुढे सरकवलं. "सगळीकडे चोऱ्या होतात म्हणून दार उघडं टाकून झोपतेस का? माझं तोंड आहे ते. भाड्याची खोली नाही, कुणी यावं आणि राहावं."

दुसऱ्या दिवशी बाई आगाराच्या साहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, बघतो. सरकारी 'बघतो' म्हणजे न बघण्याची पहिली पायरी, हे बाईंना ठाऊक होतं, तरी त्यांनी आठवडाभर वाट बघितली. आठवड्यानंतर आभार होतेच, आणि त्यावर भर म्हणून एक सिनेमा आला होता.

"मी तर पहिल्याच दिवशी बघणार! आणि तुम्ही?" असं बाईंचा आवाज वरून विचारत होता. त्यामागे ढोल वाजत होते. बसच्या टपावर मारामारी करणारा तोच हिरो.

हे मात्र फार झालं. पुढाऱ्याचं एकवेळ राजकारण म्हणून सोडून देता आलं असतं, नसतं, पण समजा. त्या हिरोला बघायला बाई पहिल्या दिवशी रांगेत उभ्या राहणार? या वयात? बाई खिडकी तशीच उघडी टाकून बाहेर आल्या. हरवलेल्या वस्तू हरवू देत म्हणाल्या. फलाटाच्या मध्यावर जाऊन उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवले आणि मान वर केली.

"मी तर पहिल्याच दिवशी बघणार!" कर्णा म्हणाला.

"मी बघणार नाही!" खालून बाई म्हणाल्या.

फलाटावरची माणसं थांबली. आवाज एकच होता. एक वरून, एक खालून. एक जण आधी कर्ण्याकडे आणि मग बाईंकडे बघत राहिला.

"टेकडीची गाडी फलाट तीनवर लागली आहे."

"हे खरं आहे, चढा!" बाई ओरडल्या.

"आदरणीय मोठ्या साहेबांचे मी मनापासून आभार मानते."

"साफ खोटं! मी कुणाचे आभार मानलेले नाहीत! त्यांनीच माझे मानावेत, तासभर गाड्या अडवल्या तेव्हा माणसांना मी आवरलं होतं!"

कुणीतरी शिट्टी मारली. कुणी हसलं. बसमध्ये चढलेले उतरले आणि न चढलेले चढले. एका आजीबाईंनी शेजाऱ्याला विचारलं, "जुळ्या आहेत का?" धरणाची गाडी लागल्याचं कर्ण्यानं सांगितलं, पण त्या वेळी बाई मोठ्या साहेबांच्या मोटारींबद्दल बोलत होत्या. लोकांना वाटलं ही घोषणाही खोटीच. धरणाची गाडी निम्मी रिकामी निघून गेली आणि मागे राहिलेले सगळे बाईंवर उलटले.

"तुमच्या भांडणात आमची गाडी गेली की!"

हे लागलं. बाई इतक्या वर्षांत कुणाची गाडी चुकू देण्याचं पाप करून बसल्या नव्हत्या. शांताराम टेकडीच्या गाडीतून उतरून आला, त्यानं बाईंना बाजूला घेतलं आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य बोलला. "बाई, यंत्राशी ओरडून काय उपयोग, यंत्र ज्यानं लावलंय त्याच्याकडे जा."

साहेबांच्या केबिनमध्ये पट्टेवाला आधीच बसलेला होता. तक्रार पोचली होती.

"बाई, हे काय चालवलंय?" साहेब म्हणाले. "प्रवाशांचा गोंधळ झाला."

"गोंधळ तुम्ही केलात. गाडीचं खरं आणि आभाराचं खोटं, एकाच तोंडातून! लोकांनी ओळखायचं कसं?"

"तुमचाच आवाज, तुमचीच जाहिरात. दुसऱ्याला अभिमान वाटला असता."

"दुसऱ्याचा घ्या मग. माझ्या आवाजातलं मला न विचारता बोललेलं एक अक्षर चालणार नाही. आभार काढा, सिनेमा काढा. गाड्यांचं राहू द्या."

साहेबांनी पट्टेवाल्याकडे बघितलं. पट्टेवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, तसे तुकडे करता येत नाहीत. जाहिराती आहेत म्हणून यंत्र आगाराला परवडतं. एक तर हा आवाज सगळं बोलेल, नाहीतर काहीच बोलणार नाही. तुमची हरकत असेल तर आम्ही पूर्ण आवाज पुसून टाकतो. आमच्याकडे दुसरा तयार आहे. सिनेमात काम करणाऱ्या एका बाईंचा. फार गोड आहे."

"आणि काचेची खोली?"

"ती आता उघडायची नाही," साहेब म्हणाले. "विचार करा, बाई. काढला की कायमचा गेला. उद्या तुम्ही निवृत्त व्हाल, तरी इथे तुमचा आवाज राहील. नातवंडं येऊन ऐकतील."

बाहेर कर्ण्यावर कारखान्याची गाडी लागली. केबिनच्या काचेतून बाईंना गर्दी हलताना दिसली. आता आवाज थांबला, तर या स्टँडवर तो पुन्हा कधी घुमणार नव्हता. उद्यापासून त्या फाटकातून येतील आणि खांबाशी थांबण्याचं काही कारण उरणार नाही. बाईंना हे सगळं त्या क्षणी दिसलं, आणि साहेबांनाही दिसत होतं की त्यांना दिसतंय. म्हणूनच तर त्यांनी नातवंडांचं काढलं होतं.

"नातवंडं येतील," बाई म्हणाल्या, "आणि आजी रोज त्या माणसाचे मनापासून आभार मानताना ऐकतील. पुसा."

"बाई..."

"पुसा म्हणते ना! माझ्यासमोर पुसा. 'बघतो' नको."

पट्टेवाल्यानं मांडीवरचा कंप्युटर उघडला, थोडा वेळ काहीतरी केलं, पुन्हा एकदा "नक्की ना?" असं विचारलं आणि बाईंच्या चेहऱ्याकडे बघून उत्तराची वाट न बघता बटण दाबलं. बाहेर आवाज "फलाट" म्हणून थांबला. फलाट कितवा, ते राहूनच गेलं.

"आता दुसरा लावा," साहेब म्हणाले.

"दुसरा उद्या सकाळी, सर. त्याला मंजुरी लागते."

"म्हणजे आज दिवसभर?"

पट्टेवाल्यानं खांदे उडवले. असा हा कारभार! पुसायला एक बोट लागतं आणि लावायला मंजुरी. बाई यावर बोलणार होत्या, पण बाहेर लोक सैरावैरा धावायला लागले होते. इस्पितळाची गाडी लागली होती आणि कुणी सांगत नव्हतं. फोनमध्ये बघणारे फोनमध्ये बघत होते. काठी टेकत एक म्हातारबाबा कारखान्याच्या गाडीकडे निघाले होते.

बाई केबिनमधून थेट लोखंडी जिन्याकडे गेल्या. वरच्या खोलीला कुलूप होतं, पण जिन्याला नव्हतं. निम्म्या पायऱ्या चढून त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि माईकशिवाय, पंख्याशिवाय, नुसत्या घशानं ओरडल्या. "काठीवाले बाबा! ती नाही, पलीकडची! इस्पितळाची गाडी एकवर! अहो, त्यांना हात द्या कुणीतरी, काय नुसते बघताय?"

साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. बाईंना खाली बोलवावं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं. मग न ठरवताच ते आत गेले. तिकीट तपासणारा जिन्याच्या तळाशी आला आणि कुठली गाडी फाटकातून आत येतेय ते बाईंना खालून सांगायला लागला. झाल्या गोष्टीबद्दल दोघंही काही बोलले नाहीत. आणि बोलायला सवड कुणाला होती? शेवटची गाडी जाईपर्यंत बाई जिन्यावर होत्या. खिडकीवरून कुणी कवळी नेली नाही, तेवढं बरं.

घरी पोचल्या तेव्हा त्यांच्या घशातून आवाज नावाचा प्रकार पूर्ण गेलेला होता. तोंड उघडलं की हवा यायची. लेकीनं गरम पाणी दिलं. जाऊ हकीगत ऐकून खाली आली होतीच.

"एवढी चालून आलेली संधी," जाऊ हळहळली. "लाथाडलीत, ताई."

बाईंनी तोंड उघडलं. हवा आली.

"आईला म्हणायचंय," लेक मदतीला धावली, "की तंत्रज्ञान मुळात वाईट नसतं, ते कसं वापरतो त्यावर..."

बाईंनी टेबलावर चमचा आपटला. असलं गुळमुळीत त्या जन्मात बोलल्या नव्हत्या.

"बरं, मग तसं नाही," लेक म्हणाली. "तिला म्हणायचंय की परवानगी घ्यायला हवी होती."

चमचा पुन्हा आपटला.

"ताईंना पश्चात्ताप होतोय," जाऊ म्हणाली. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

टीव्हीवर बातम्या चालू होत्या. मोठे साहेब कुठल्याशा सभेत मोटारीच्या छतातून वर येऊन हात हलवत होते. या माणसाचा चेहरा पडद्यावर आणि बाई गप्प, असं या घरात कधी झालं नव्हतं. ती रिकामी जागा बहुतेक नवऱ्याला सहन झाली नाही. त्यांनी घसा साफ केला.

"तिला म्हणायचंय," ते म्हणाले, आणि सगळे त्यांच्याकडे बघायला लागले म्हणून जरा थांबले, "की या माणसाला एकदा आपल्या बसनं फिरवला पाहिजे. उभ्यानं."

लेक हसली. जाऊही हसली. बाई मात्र हसल्या नाहीत. नवऱ्याकडे बघत त्यांनी गरम पाण्याचा मोठा घोट घेतला, तो गिळताना चेहरा वाकडा झाला, आणि मग दोन्ही हात टेबलावर टेकवून, शिरा ताणून, फाटक्या, खरखरीत, कुणालाही जपून ठेवावासा न वाटणाऱ्या आवाजात त्या म्हणाल्या,

"माझं... मी... सांगेन."

"बरं, सांग," नवरा म्हणाला.

"एकदा नाही. रोज."

नवऱ्यानं उठून टीव्हीचा आवाज बंद केला आणि ते परत येऊन बसले. बाईंनी पुढचं सुरू केलं होतं. तीन शब्दांतला एक कळत होता.